चिकीचं पांघरूण

फार मागं, कोकणातल्या एका कातळाकाठच्या शेतात माती इतकी आंबट होती, की तिथं कुणी टिकत नसे. चिकी आणि तिच्या बहिणी, हे मातीतले इवलेसे जिवाणू, तेवढ्या टिकल्या. त्यांनी अंगाभोवती चिकट पांघरूण विणलं होतं. माती झोंबली, की त्या वरून आणखी एक थर चढवत.

चिकीला एकच आस होती. कुळथाच्या मुळाशी जावं, त्याच्या गाठीत संसार मांडावा. तिच्या आज्या-पणज्या तिथंच नांदल्या होत्या. मूळ त्यांना गोडवा देई, त्या मुळाला हवेतलं नत्र देत. मूळ गंधानं हाक मारतं, असं तिनं ऐकलं होतं.

भात कापून झालं, की शेतात कुळीथ पेरत. दरवर्षी तो नत्रावाचून पिवळा पडे आणि चिकी म्हणे, "याही वर्षी त्यानं बोलावलं नाही."

एकदा एक मूळ वाढत वाढत तिच्या पांघरुणाला टेकलं.

"आत कुणी आहे का?" ते दमून म्हणालं. "रुजल्यापासून हाका मारतंय मी."

"मी तर सदा कान लावून बसलेली. मग मला कसं ऐकू आलं नाही?"

"एवढं पांघरल्यावर कसं ऐकू येणार गं?"

चिकीला सगळे पिवळे कुळीथ आठवले. तिनं पांघरूण सैल केलं. माती अंगभर झोंबली आणि त्या झोंबण्यातूनच तो गंध आला.

त्या वर्षी शेतात कुळथाचा एकच वेल हिरवागार राहिला. बाकीचे वेल हाका मारत होते. आणि त्यांच्या मुळांशेजारीच चिकीच्या बहिणी जाड पांघरुणात कान लावून बसल्या होत्या.