गेनू विमानाच्या आधी पोचला

एका गावात एक भोळा गडी होता, गेनू. सांगितलेलं काम तो अगदी सांगितलं तसंच करी, म्हणून घरचे त्याला काही सांगायलाच घाबरत. तरीही त्याचं लग्न ठरलं. मुलगी पुष्पा, गाव लांबचं, एसटीने बारा तास.

साखरपुड्याला घरची मंडळी आदल्या दिवशीच पुढे गेली. गेनूला त्याच संध्याकाळची सातची एसटी सांगितली होती. तो बरोबर सातला गेला. एसटी खच्चून भरलेली. गेनू घरी आला, जेवला, झोपला. मंडळी परतल्यावर आईने कपाळाला हात लावला.

"आरं गेन्या, आधी जायाचं अन् खिडकीतनं रुमाल टाकायचा. रुमाल पडला की जागा आपली."

"चुकलं माझं," गेनू म्हणाला. धडा पक्का झाला.

पुढच्या तारखेला मामाने विमानाचं तिकीट काढलं. दोन्हीकडे नवी छोटी विमानतळं झाली होती. बारा तासांचं अंतर तासाभरात कसं सरतं, हे गेनूला कळेना. वर घाट नाहीत आणि चहाला थांबणं नाही, असं मामाने समजावलं.

सगळे शिडीने विमानात चढले. गेनू खिडकीखाली उभा राहून रुमाल टाकत राहिला. रुमाल खाली येई, तो पुन्हा टाकी. पोलिसांनी त्याला धरून बाहेर नेलं. विमान गेलं, साखरपुडाही गेला. तिथल्या साहेबांनी बजावलं, की जागा ठरलेलीच असते, तुम्ही फक्त विमानाच्या दोन तास आधी विमानतळावर हजर राहायचं.

"चुकलं माझं," गेनू म्हणाला.

आता सासरे दौलतराव भडकले. साखरपुडा राहू द्या, थेट लग्नच लावू, म्हणाले. पण साडेबाराचा मुहूर्त हुकला, तर मांडवातल्या दुसऱ्या पोराला बाशिंग बांधीन. विमान आमच्याकडे अकराला उतरतं, जावयाला घ्यायला बँड आणतो.

मामाने पुन्हा विमानाचं तिकीट काढून दिलं. गेनूने हिशेब केला. विमान तिकडे अकराला, म्हणजे आपण तिकडे नऊला हवं. विमान तर इथून दहाला निघतं. मग त्याने आदल्या संध्याकाळची एसटी पकडली आणि नऊच्या आधीच तिकडच्या विमानतळावर हजर झाला.

अकराला विमान उतरलं. बँड वाजला. गेनू उतरणाऱ्या एकेका माणसाचं तोंड बघत राहिला. शेवटी हवाईसुंदरीही उतरली. तेवढ्यात दौलतरावांनी त्याला पाहिलं आणि गाडीकडे ओढलं.

"थांबा," गेनू हात सोडवत म्हणाला. "माझं तिकीट या विमानाचं हाय. मी अजून उतरलोच नाही."

"मग हितं कोण उभं हाय?"

"मी तर आधी आलोय. मी तिकडंच राहिलो असणार. तासाभराचं तर अंतर. मला घेऊन येतो." आणि तेच विमान परत निघालं, त्यात तिकीट काढून तो चढून गेलासुद्धा.

गावी घराला कुलूप, घरचे सगळे लग्नाला गेलेले. गेनूने चहाच्या टपरीवर विचारलं, गेनू दिसला का? टपरीवाला म्हणाला, तुझ्याशिवाय कोणीच नाही दिसलं. गेनू रडकुंडीला आला. मुहूर्त हुकला, पुष्पा हातची गेली, असं म्हणत संध्याकाळच्या विमानाने परत निघाला.

इकडे दौलतरावांनी बहिणीच्या मुलाला बाशिंग बांधलं होतं. पुष्पाला तो पहिल्यापासूनच बरा वाटत होता.

गेनू धापा टाकत मांडवात शिरला. दारातल्या आचाऱ्याला त्याने घाबरत विचारलं, लग्नाचं काय झालं?

"वेळेवर लागलं की. नवरदेव रात्रीच्या पंगतीत जेवून आत बसलाय."

गेनूच्या जिवात जीव आला. डोळे पुसून तो म्हणाला, "पोचलो म्हणायचा मी. पोटभर जेवलो ना?"