ताटाशी जागा

“मग तिच्या पोटात का दुखत नाही, बाबा? एकाच चुलीवरचं जेवतो ना आम्ही?”

विचारणारे भुजंगराव, पोह्यांच्या गिरणीचे मालक. बायको, यमुना, आपल्या जेवणात काहीतरी कालवते असा त्यांचा वहीम होता. डॉक्टरांच्या तपासण्यांत काही निघालं नाही, तसा तो आणखीच पक्का झाला. दुधानं तोंड भाजलेला ताकही फुंकून पितो. हे तर पाणीसुद्धा आधी मांजराला पाजत.

म्हाताऱ्या फकीरबाबांच्या तकियावर, म्हणजे त्यांच्या मठीत, ते सल्ला मागायला नव्हे, होकार घ्यायला आले होते. यमुना बाहेर लिंबाखाली बोचकं घेऊन बसली होती. बाबा ‘होय’ म्हणाले की तिला इथूनच माहेरी धाडायचं आणि पुन्हा आणायचं नाही, असं ठरलं होतं.

“आधी जेव,” बाबा म्हणाले.

तकियाची रीत एकच. आलेल्यानं बाबांसोबत एका ताटात जेवायचं.

भाकरी, डाळ, कांदा. बाबांनी पहिला घास घेतला. तो त्यांच्या घशाखाली उतरेपर्यंत भुजंगराव बघत राहिले... मग जेवू लागले.

भराभर जेवले. आणि हात धुवायच्या आतच त्यांनी पोट आवळून धरलं.

“तुम्ही... काय घातलंत यात?”

“मीही तेच खाल्लं.”

“एकच घास खाल्लात!”

“दुसरा घेऊ दिलास कुठं? तुझा डावा हात बघ.”

भुजंगरावांनी पाहिलं. त्यांच्या डाव्या हातानं ताटाला कुंपण घातलं होतं. ताट बाबांपुढून सरकत सरकत त्यांच्या मांडीला येऊन टेकलं होतं.

“ताट कोण नेणार होतं रे?”

“काका,” भुजंगराव पुटपुटले. “आई गेल्यावर त्यांच्याकडे वाढलो. जेवायला बसलो की लाथेनं ताट उडवायचे. रोज नाही... कधी उडवतील ते कळायचं नाही. पोटात तेव्हापासूनच...”

त्यांची नजर बाहेर लिंबाखाली गेली.

“कुठं असतात काका?”

“वारले. कधीचेच.”

बाबांनी ताट ओढून घेतलं नाही. भुजंगरावांचा हात अजून तिथंच होता.

“काकांना आता ताटावरून उठव,” बाबा म्हणाले. “मग तिला आत बोलाव. इथं चौघं मावत नाहीत.”