पहारा भाच्याचा

डोंगरही बोलत असत त्या काळी एका अस्वलाचं मधाचं कोठार होतं. खार, साळिंदर आणि माकडीण तिथं दिवसभर राबत. वाटणीच्या वेळी मात्र मधानं भरलेलं पोळं अस्वलाच्या, पहाऱ्यावर घोरणाऱ्या भाच्याला मिळे आणि या तिघांना नुसतं मेण.

एका दुपारी मुंग्यांची रांग कोठारात शिरली. तिघांनी ती पाहिली आणि मुकाट्यानं आपापलं काम केलं. मुंग्या नाकाला डसल्या तेव्हा कुठं भाचा बोंबलत उठला. तोवर मध फस्त झाला होता.

"तुम्हाला दिसलं नाही?" अस्वल गरजलं.

"दिसलं की, मालक," खार म्हणाली. "पण पहारा भाच्याचा ना!"

अस्वल वरमलं. पुढच्या वाटणीपासून मध सगळ्यांना सारखा मिळू लागला. मग कोठारात साधी माशी फिरकली, तरी तिघं धावत येऊन अस्वलाला गदागदा हलवू लागली. बिचाऱ्याची दुपारची झोप गेली ती गेलीच.