कोंडिबाचा वाल

नदीकाठच्या एका गावात कोंडिबा नावाचा भोळा माणूस राहत होता. सांगाल ते सगळं ऐकायचा, फक्त भलत्याच जागी ऐकायचा.

त्याच्या लेकीला, पारूला, दिवस गेले होते. तिला वालाच्या शेंगांचे डोहाळे लागले. डोहाळजेवणाला घरच्याच शेंगा पाहिजेत, म्हणून कोंडिबाच्या बायकोने, सगुणाने, परसात वाल लावला. उगवला एकच वेल.

"अहो, याला काठी लावा."

कोंडिबाने काठी रोवली आणि वेल तिच्याभोवती गुंडाळला. सकाळी बघतो तर सुटलेला. पुन्हा गुंडाळला. पुन्हा सुटला.

सगुणा हसली. "उलटा गुंडाळताय. त्याची वळायची बाजू ठरलेली असते. ज्याला जिकडे वळायचंय, तिकडे वळू द्यावं."

"बरं."

दुपारी बैल शेजारच्या बंडोबाच्या मक्यात वळला. कोंडिबा बांधावर बसून राहिला.

"अरे कोंड्या, बैल आवर!"

"त्याची बाजू ठरलेली आहे, बंडोबा."

बंडोबाने जे काय सुनावलं, ते घरापर्यंत ऐकू गेलं. सगुणा म्हणाली, "अहो, भलतीकडे वळला तर गळ्यात दावं घालून खुंट्याला आवळावं!"

"बरं."

सकाळी वेलाचा शेंडा काठी सोडून उन्हाकडे झुकला होता. कोंडिबाने त्याच्या गळ्यात दावं घातलं. आवळलं. शेंडा तुटला.

सगुणा मटकन खाली बसली. "तो उजेडाकडे चालला होता हो! मान टाकलेल्याला उजेडच उभा करतो."

"बरं."

ओसरीवर सासरे मान टाकून घोरत होते. कोंडिबाने त्यांना बाजेसकट भाद्रपदाच्या उन्हात ओढलं.

"जावईबापू, भाजताय का मला?"

सगुणा धावत आली. "नाजूक जिवाला ऊन लागलं, तर आपण आडवं उभं राहावं. हलू नये!"

"बरं."

इकडे वेलाच्या बुंध्यातून कोवळा फुटवा आला. त्याला ऊन लागत होतं. कोंडिबा आडवा उभा राहिला. हलला नाही. फुटवा हवेत गोल गोल फिरत आधार शोधू लागला. काठी लांब होती, कोंडिबाची पोटरी जवळ. तिला वेढा घालून, सावलीतून उजेडाची वाट काढत तो वर निघाला. गुडघा झाला, कंबर झाली. सगुणा ओरडली, रडली, मग उभ्यानेच त्याला भाकरी भरवू लागली.

डोहाळजेवणाला पारू आली.

"आबा कुठे आहेत?"

"परसात," सगुणा म्हणाली. "शेंगा लागल्यात त्यांना."

पारू टोपली घेऊन धावली. "आबा, हे काय! चला घरात, जेवायला."

"तुम्ही जेवा पोटभर," कोंडिबा ओठ न हलवता म्हणाला. "आणि हळू तोड गं बाळ, डाव्या कानामागे अजून फुलं आहेत."