झोपलेल्यांना पाठवायचं वाक्य

"पण मग लोक परत येणार कसे, आर्याजी?"

"कुठे परत?"

"कुठे म्हणजे... आमच्या अ‍ॅपकडे."

भिक्खुणी आर्या सुवण्णा मांडीवर चीवर पसरून त्याची उसवलेली कड शिवत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

भंडाऱ्याकडच्या एका टेकडीवरच्या विहाराची ओसरी. दुपार कलायला आलेली. क्षितिजा पुण्याहून आली होती, आठ महिन्यांच्या सम्यकला कडेवर घेऊन. झोप न येणाऱ्यांसाठी एक अ‍ॅप होतं, त्याची रचना ती करायची. कुठलं बटण कुठे, रंग कोणता, कोणत्या क्षणी कोणतं वाक्य समोर यावं. या कामात हिचा हात धरणारं कुणी नाही, असं बाळंतपणाच्या रजेआधी सगळे म्हणत. रजेनंतर कुणी म्हणालं नव्हतं. म्हणून ती स्वतःच स्वतःला म्हणायची, आणि तिला ते फारसं पटायचं नाही.

आर्याजींचा आवाज तिला हवा होता. त्या ध्यानाच्या सूचना द्यायला लागल्या की विहारातली मांजरसुद्धा पेंगते, असं तिच्या आईनं सांगितलं होतं.

"एकच वाक्य," क्षितिजानं मोबाइल पुढे सरकवला. "'आज मला विसरलात का?' बस्स. फक्त जरा... लागेल असं म्हणा."

"लागेल असं?"

"मायेनं लागेल असं. आई रुसते ना, तसं."

"म्हणते की. त्यात काय!" आर्याजींनी सुई कापडात टोचून ठेवली. "कुणाला ऐकू जाणार हे?"

"ज्यांनी दिवसभरात अ‍ॅप उघडलं नाही, त्यांना. रात्री."

"का नाही उघडत ते?"

"विसरतात. कंटाळतात. किंवा..." क्षितिजा अडखळली. "किंवा झोप लागते."

"तुमच्याशिवाय?"

"...हो."

"मग अशांना काय म्हणता तुम्ही?"

क्षितिजा सम्यकचं टोपडं नीट करू लागली. ते नीटच होतं.

"गळती," ती म्हणाली.

आर्याजी हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

"आर्याजी, तुम्हाला वाटतं तेवढं सोपं नाहीये ते. नुसती शांतता वाटून कंपनी चालत नाही, ग्रोथ लागते. मी शिकलेय हे. थोडं टोचल्याशिवाय माणसाला सवय लागत नाही. उद्याच्या मीटिंगला तुमचा आवाज घेऊन गेले नाही ना, तर हे काम माझ्याकडून काढून घेतील. आधीच म्हणतात, हिचं अर्धं लक्ष पाळण्यात."

"आणि उरलेलं अर्धं?"

"ते... अ‍ॅपच्या गळतीत."

आता मात्र आर्याजी हसल्या. क्षितिजालाही हसू आलं, पण डोळे भरून आले ते त्याच्याआधी.

एवढ्या बोलाचालीत सम्यक तिच्या खांद्यावर कधी झोपला, कळलंच नाही. आर्याजींनी खूण केली. क्षितिजानं त्याला चटईवर, घडी घातलेल्या गोधडीवर अलगद ठेवलं.



क्षितिजा त्याच्याकडे बघत होती. छाती हलताना दिसेना. हलत असणारच. पण दिसेना. तिनं त्याच्या नाकाखाली बोट धरलं. वारा ओसरीतला की श्वास त्याचा, काही समजेना. मग तिनं गालाला हलकेच, अगदी हलकेच, दाबून पाहिलं.

सम्यकनं डोळे उघडले. मग तोंड उघडलं. मग अख्खी टेकडी दणाणली.

"आता कायले उठवलं वो पोट्ट्याले?" आर्याजींच्या तोंडून गावची बोली उसळून आली.

"उठवलं कुठे! झोपलाय का, ते बघत होते."

आर्याजी नुसत्या तिच्याकडे बघत राहिल्या.

क्षितिजाचे कान तापले.

...

आर्याजींनी सम्यकला उचललं, खांद्याशी धरलं, पाठीवर संथ थोपटलं. हुंदके विरळ झाले. थांबले. त्यांनी त्याला परत गोधडीवर ठेवलं आणि स्वतः थोड्या मागे सरकून बसल्या.

पुन्हा छाती हलताना दिसेना.

क्षितिजाचं बोट आपसूक पुढे गेलं. आर्याजींनी ते वाटेतच आपल्या मुठीत धरलं. सैलसरच धरलं होतं. सोडवून घेता आलं असतं.

"मग कधी बघायचं?" क्षितिजा कुजबुजली.



चटईवर मोबाइल तसाच पडला होता, रेकॉर्डिंगचं लाल बटण दाबलं जायची वाट बघत. खाली गावात कुणीतरी धान पाखडत असावं. क्षितिजाचे खांदे हळूहळू खाली आले. ते इतके वर ओढलेले होते, हे तिला आत्ता कळलं.

पण उद्याचा दिवस काही टळत नव्हता.

"आर्याजी... ते वाक्य राहिलं. मी उद्या ग्रोथ म्हणून काय दाखवू त्यांना?"

आर्याजींनी बोट सोडलं नाही.

"हळू बोल, बाई. लेकरं झोपेतच वाढतात."