घोंघावणारा पंखा

"आणि आवाज करत होता म्हणून तू तो पंखा ओढून काढलास?" तांबोळी सरांनी विचारलं.

"केवढा घोंघावत होता, सर. उथळ पाण्याला खळखळाट फार."

पुष्कर ढमढेरे हुशार होता, आणि हे त्याला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. पुण्याच्या त्या डेटा सेंटरात बिघाड शोधण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. एक तांबोळी सर सोडले तर, पण त्याला शिकवलंच मुळी त्यांनी.

त्या दुपारी मुख्य स्विच तापायला लागला. स्विच म्हणजे साऱ्या यंत्रांच्या तारा जिथं एकत्र येतात ती पेटी. तिच्या पाठीला ओळीनं पंखे. एक पंखा बंद, असा इशारा पडद्यावर आला. कुठला, हे वाचायला थांबेल तो पुष्कर कसला! मागं गेला, कान लावला आणि सर्वांत मोठ्यानं घोंघावणारा पंखा ओढून काढला.

पेटी आणखीच तापली आणि आपोआप बंद पडली. अर्ध्या दालनाचा संपर्क तुटला.

सर आले. रागावले नाहीत. काढलेला पंखा त्यांनी परत जागेवर बसवला, पेटी चालू केली. मग पुष्करचा तळहात धरून एकेका पंख्याच्या तोंडाशी नेला.

इथं वारा. इथंही वारा. आणि त्याच्या शेजारी...

काहीच नाही.

"हा मेलाय," सर म्हणाले. "ह्याचा आवाज येईल कुठून?"

"मग तो एवढा का ओरडत होता?"

"त्याला दोघांचं काम पडलं होतं."

पुष्कर खजील झाला. मुकाट्यानं त्यानं बंद पंखा काढून नवा बसवला. हळूहळू बाकीच्यांचा घोंघाट उतरला.

मग घड्याळ बघत त्यानं लवकर जायची परवानगी मागितली. का, म्हणून सरांनी विचारलं, तेव्हा म्हणाला, संध्याकाळी मेहुणा येतोय, बायकोला, हेमांगीला, कराडला माहेरी न्यायला. ती परत कधी येणार, ते त्यानं सांगितलं नाही. सरांनी विचारलं, तेव्हा मान हलवली. परत नाहीच.

ते झाल्यापासून घरात राहणं अशक्य झालंय, असं त्याचं म्हणणं. ते म्हणजे काय, हे सरांना ठाऊक होतं. पावसाळ्यात ताप आला आणि एवढीशी पोर हातातून गेली. तेव्हापासून हेमांगी दूधवाल्याशी भांडते, शेजारणीशी भांडते, भांडी आपटते. पुष्कर मात्र तेरावं उरकलं की दुसऱ्या दिवशी कामावर हजर. डोळ्यांत टिपूस नाही. वाघाचं काळीज आहे, असं सगळे म्हणाले, आणि खोटं कशाला बोला, बिचाऱ्याला ते आवडलंही होतं.

"मी तिला उलटून एक शब्द बोललो नाही, सर," तो म्हणाला. "घरात मी आहे की नाही, हेसुद्धा कुणाला कळणार नाही..."

बोलता बोलता तो थांबला. हातातल्या बंद पंख्याकडे बघत राहिला.

पुष्करनं मान वर केली नाही.

"मुलीचं नाव काय होतं रे?" सरांनी विचारलं.

सरांना ते ठाऊक नव्हतं थोडंच? बारशाच्या घुगऱ्या खाल्लेला माणूस तो.

पुष्करनं तोंड उघडलं. ओठ हलले, पण शब्द येईना. पोर गेल्यापासून ते नाव त्याच्या तोंडून निघालंच नव्हतं. घरात ते घ्यायची एकटी हेमांगी, तीही ओरडून, रडून, भिंतींना ऐकवून. आता त्याचे खांदे हलायला लागले. पोटात कोंडून ठेवलेलं सगळं दुःख एकदम वर आलं. पहिलं अक्षर कसंबसं बाहेर पडलं...

सरांनी त्याच्या तोंडावर अलगद हात ठेवला.

"माझ्यापाशी नको. घरी जा, आणि ते हेमांगीपाशी घे."