दौलती पैलवानाचा पहिला घास

वाघझरी गावात दौलती नावाचा एक पैलवान राहत होता. मान रेड्यासारखी, आवाज नगाऱ्यासारखा. त्याचं नाव ऐकूनच समोरच्या मल्लाला घाम फुटे. पण घरात त्याचं काही चालत नसे. हौसा आणि धोंडू ही त्याची दोन मुलं काडीसारखी बारीक होती आणि अंड्याला तोंड लावत नव्हती.

दौलतीने कोंबड्या पाळल्या. तो रोज बायकोला, चंद्राबाईला, अंडी उकडायला सांगे आणि मुलांपुढे बसून अंड्याचे गुण गाई. अंड्याने दंड भरतात, छाती रुंदावते, डोळ्यांत तेज येतं. मुलं माना डोलवत आणि अंडी गुपचूप गोठ्यात नेऊन टाकत. एकदा गव्हाणीत इतकी अंडी निघाली, की तुमची म्हैस अंडी घालायला लागली का, असं शेजारीण विचारून गेली.

मग त्याने दरडावून पाहिलं. मुलं ताटापुढे बसून राहिली. अंडी गार झाली, कोंबड्या खुराड्यात गेल्या, तरी घास काही गिळला गेला नाही. शेवटी त्याने लालूच दाखवली. जो अंडं खाईल त्याला खांद्यावर बसवून गावभर मिरवीन, म्हणाला. धोंडूने लगेच अख्खं अंडं तोंडात कोंबलं. वरात निघाली. चावडीपाशी लोक कौतुकाने बघत असताना धोंडूने गालात धरलेलं सगळं अंडं बापाच्या फेट्यावर सोडून दिलं.

घरी येऊन दौलती फेटा झटकत ओरडत होता. तेव्हा हौसाने शांतपणे विचारलं, "आबा, तुम्ही कधी खाता अंडं? आम्ही तर कधीच बघितलं नाही."

तालमीत खातो, असं सांगणं दौलतीला सोपं होतं. गावही तेच समजत होतं. शब्द ओठांवर आलेही. पण दोन्ही मुलं टक लावून त्याच्याकडे बघत होती. तो खाली बसला आणि हळूच म्हणाला, "मी खात नाही. मला भ्या वाटतं त्याचं."

लहानपणी, अंगात बळ यावं म्हणून, त्याच्या चुलत्याने नाक दाबून त्याच्या घशात कच्ची अंडी ओतली होती. तेव्हापासून त्याने अंड्याला कधी तोंड लावलं नव्हतं. हे त्याने बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं.

चंद्राबाई तोंडाला पदर लावून हसली. इतके दिवस तुमच्या हुकमाने अंडी उकडली, आज माझ्या मनाने करते, म्हणाली. तिने चूल पेटवली, कांदा, मिरची, कोथिंबीर चिरली आणि अंडी फोडायचं काम मुलांना दिलं. एक अंडं चुलीत गेलं, एक धोंडूच्या बाहीत, बाकीची कढईत. घरभर भुर्जीचा खमंग वास सुटला. हौसाने अट घातली, की पहिला घास आबांचा, मग आमचा.

दौलतीने डोळे घट्ट मिटले. भाकरीत गुंडाळलेला घास त्याने तोंडात टाकला आणि असं काही तोंड केलं, की मुलं हसून हसून जमिनीवर लोळली. पण घास त्याने गिळला.

बापाला धीर द्यायला धोंडू पुढे सरसावला. "बघा आबा, असं खायचं. नीट चावलं की काही होत नाही." त्याने एक घास खाल्ला, मग दुसरा. हौसाने कढई आपल्याकडे ओढली. दौलतीने एक डोळा उघडला, तिखट बरं पडलंय असं पुटपुटला आणि त्यानेही हात पुढे केला.

चंद्राबाई शेवटची भाकरी भाजून वळली, तर कढई चाटूनपुसून साफ.

"माझ्यासाठी काय ठेवलंत?" तिने विचारलं.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि तिघेही उठून खुराड्याकडे पळाले.

तात्पर्य: मुलांना जे खाऊ घालायचं, त्याचा पहिला घास मोठ्यांनी घ्यावा, आणि भीती वाटत असेल तर तीही सांगावी. मुलं धाकाला चुकवतात, सोबतीला मात्र धावून येतात.